रक्त कुठून, कशात, कधी? सुई टोचण्याआधीचे तीन प्रश्न

ऑडिओ भाग ऐकलाच असेल तर हा त्याचाच लिखित अवतार. आणि रेंज नसल्यामुळे ऐकता आला नसेल, तर वाचून घ्या. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे ना..." तेवढे काढून टाकलेत.

मी संग्रामपूर तालुक्यातली, काम लॅब टेक्निशियनचं. दिवसभर लोकांच्या नसा शोधायच्या, पट्टा बांधायचा, सुई टोचायची, बल्ब भरायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रक्त काढणं म्हणजे एकच काम. दंड पुढे केला, टोचलं, कापूस दाबला, झालं. बहुतेक वेळा तसंच असतं. पण काही माणसं आणि काही तपासण्या अशा असतात, की तिथं रक्त घ्यायची पद्धत बदलावी लागते. ती बदलली नाही तर रिपोर्ट खोटा येतो, नाहीतर पेशंटचं नुकसान होतं. आज त्याबद्दलच बोलायचंय.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. रिपोर्ट मशीन देतं, पण मशीनला फक्त बल्बमधलं रक्त दिसतं. ते शरीराच्या कोणत्या भागातून घेतलं, कोणत्या बल्बमध्ये भरलं आणि किती वाजता घेतलं, हे मशीनला कळत नाही. ते बघायचं काम माणसाचं. म्हणून आजचे तीन प्रश्न: कुठून, कशात, कधी.

पहिला प्रश्न: कुठून?

आपल्या भागापासून सुरुवात करू. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा तुम्हाला सांगायला नको. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांत किडनीचे पेशंट हा विषय कित्येक वर्षं गाजतोय. वान धरणाचं पाणी गावोगाव नेणारी १४० गावांची पाणीपुरवठा योजना इथं आली, ती याच खाऱ्या पाण्यामुळे. त्यात भर म्हणजे शुगर आणि बीपी. हे दोन आजारही किडनी खातात, आणि ते तर घरोघरी आहेत. त्यामुळे आमच्यासमोर खुर्चीत बसलेल्या माणसाला किडनीचा त्रास असू शकतो, हे आम्हाला कायम धरूनच चालावं लागतं.

किडनी फारच कमी काम करायला लागली की डायलिसिस येतं. साधारण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चारेक तास. त्यासाठी शरीरातून रक्त जोरात बाहेर यायला हवं आणि साफ होऊन परत जायला हवं. साध्या नसेत तेवढा जोर नसतो. म्हणून सर्जन मनगटाजवळ किंवा कोपराजवळ एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडतात. याला फिस्टुला म्हणतात. धमनीचं जोराचं रक्त शिरेत शिरतं, हळूहळू शीर जाड होते आणि मोठी सुई झेलण्याइतकी तयार होते. याला दीड-दोन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. त्यावर बोटं ठेवली तर मांजर गुरगुरावं तशी थरथर जाणवते. ती थरथर आहे म्हणजे फिस्टुला चालू आहे.

आता अडचण बघा. रक्त घेणाऱ्याच्या डोळ्याला हीच नस सगळ्यात छान दिसते! जाड, फुगलेली, एका टोच्यात सापडणारी. आणि नेमकी तिलाच हात लावायचा नाही. त्या हाताला पट्टा नाही, सुई नाही, सलाईन नाही, बीपीचा कफसुद्धा नाही. तिथं रक्त गोठलं किंवा इन्फेक्शन झालं, तर फिस्टुला बंद पडू शकतो. मग मानेतल्या शिरेत नळी टाकून डायलिसिस करावं लागतं, आणि त्या नळीतून इन्फेक्शनचा धोका जास्त. परत ऑपरेशन, परत थांबणं, परत खर्च. डायलिसिसवाल्या माणसासाठी तो हात म्हणजे जगण्याची दोरी आहे.

आमचा संवाद साधारण असा होतो.

"काका, डायलिसिस कोणत्या हातातून होते?"

"ह्या डाव्या. पन बाई, ह्यातलीच नस चांगली दिसते, काढून घ्या न!"

"नाही काका, तो हात जपायचा. उजवा द्या, मी पंजाच्या मागून घेते."

पंजाच्या मागची नस बारीक असते, थोडं जास्त दुखतं. तरी तिथूनच घ्यायचं. डायलिसिसच्या दिवशी तपासणी असेल तर आणखी सोपं: मशीन सुरू करण्याआधी त्याच लाईनमधून सॅम्पल घेतात, वेगळं टोचायची गरजच नाही.

आणि इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्यांचं डायलिसिस अजून सुरू झालं नाही, पण क्रिएटिनिन वाढत चाललंय, त्यांच्याही नसा आत्तापासून जपायच्या असतात. उद्या फिस्टुला करायची वेळ आली तर चांगली शीर शिल्लक पाहिजे. दर महिन्याला कोपराच्या आणि मनगटाच्या त्याच नसेत टोचून ती खराब केली, तर सर्जन तरी काय जोडणार? म्हणून अशा पेशंटचं रक्त शक्यतो पंजाच्या मागून घ्यावं.

'कुठून' मध्ये आणखी दोन नियम येतात. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेत नाहीत, कारण सलाईन रक्तात मिसळून आकडे बिघडवते. ग्लुकोजची बाटली चालू असेल तर शुगर भलतीच वाढलेली दिसेल. आणि स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात टाळतात.

आता सगळ्यात लहान पेशंटकडे येऊ. विदर्भात सिकलसेल हा मोठा आजार आहे, आणि आपल्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला, अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूला आदिवासी गावं आहेत. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. मोठ्या माणसाची पहिली तपासणी बोटाच्या थेंबावर होते. तान्ह्या बाळाचं तसं चालत नाही. बाळाचं बोट इतकं बारीक की सुई हाडाला लागू शकते. म्हणून टाचेतून घेतात, तेही टाचेच्या मधोमध नाही, आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. खोली २.४ मिलिमीटरच्या पुढे नाही. आधी टाच कोमट कपड्यानं शेकतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब खास कागदावरच्या गोलात सोडतात. टाच पिळायची नाही. पिळली की पेशी फुटतात आणि आजूबाजूचं पाणी रक्तात येतं.

बाळाची साधी सोल्युबिलिटी टेस्ट का करत नाहीत, असं एका श्रोत्यानं विचारलं होतं. कारण जन्मल्यानंतरचे काही महिने बाळाच्या रक्तात पोटातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. सिकलचं हिमोग्लोबिन तेव्हा इतकं कमी असतं की ती टेस्ट फसते. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते.

दुसरा प्रश्न: कशात?

रंगीबेरंगी टोपणांचे बल्ब बघितलेत ना? ते शोभेसाठी नाहीत. जांभळ्यात ईडीटीए असतं, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन. हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी त्यात. लाल किंवा पिवळ्यात रक्त गोठू देतात, किडनी-लिव्हरच्या तपासण्या त्यावर. करड्यात शुगर, कारण त्यातलं फ्लोराईड पेशींना साखर खाऊ देत नाही. फिक्या निळ्यात रक्त गोठण्याची तपासणी, आणि तो बरोबर खुणेपर्यंतच भरावा लागतो.

भरायचा क्रमही ठरलेला आहे: आधी फिका निळा, मग लाल-पिवळा, मग जांभळा, शेवटी करडा. का? जांभळ्या बल्बमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ असतं. ते चुकून लाल बल्बमध्ये गेलं, किंवा लाल कमी पडला म्हणून कुणी जांभळ्यातलं रक्त त्यात ओतलं, तर पोटॅशियम प्रचंड वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम एकदम घसरलेलं. माणूस ठणठणीत, रिपोर्ट भयंकर!

किडनीच्या पेशंटसाठी हा आकडा फार महत्त्वाचा असतो. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. खरंच खूप वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावू शकतो. त्यामुळे खोटा वाढलेला आकडा आला की घरचे रात्री गाडी करून अकोल्याला पळतात. उलटही होतं: खरं पोटॅशियम कमी असेल आणि रक्त काढताना पेशी फुटल्या, तर रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि सगळे निवांत राहतात.

म्हणून अशा पेशंटला आम्ही मूठ उघड-बंद करायला लावत नाही. त्यानं पोटॅशियम वाढतं. पट्टा एक मिनिटाच्या वर ठेवत नाही. सिरिंजचा दांडा जोरात ओढत नाही. आणि सॅम्पल लांब जायचं असेल तर दोनेक तासांच्या आत ते फिरवून वरचं सीरम वेगळं करायचं. न फिरवता तसंच बर्फात ठेवलं, तरी पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. सोनाळ्याहून निघालेलं सॅम्पल मोठ्या लॅबला पोचेपर्यंत किती वेळ जातो, याचा हिशोब इथं करावा लागतो.

'कशात' चं आणखी एक उदाहरण आपल्या शेजारच्याच तालुक्यातलं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. काही दिवसांत टक्कल! मोबाईलवर व्हिडिओंचा पाऊस पडला, कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. आयसीएमआरच्या तज्ज्ञांनी येऊन नमुने घेतले. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही तपासण्या करून घेतल्या आणि रक्त, लघवी, केस यांत सेलेनियम खूप वाढल्याचं सांगितलं. त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर.

आता लॅबच्या नजरेनं बघा. सेलेनियम, जस्त, शिसं असे घटक रक्तात अगदी कणभर असतात. साध्या बल्बच्या रबरी बुचातून जस्त सुटू शकतं, स्टीलच्या सुईतून क्रोमियम-निकेल येऊ शकतं. मग मोजलं ते माणसाच्या अंगातलं की बुचातलं? म्हणून अशा तपासणीला गडद निळ्या टोपणाचा खास बल्ब असतो, ज्यात हे घटक नसल्याची खात्री केलेली असते. फिका निळा वेगळा, गडद निळा वेगळा. आख्ख्या गावाच्या आजाराचं कारण शोधायचं असतं, तेव्हा सुरुवात इथून होते.

तिसरा प्रश्न: कधी?

उपाशीपोटीची शुगर तुम्हाला माहीत आहे. किमान आठ तास काही खायचं नाही. "बिनसाखरेचा चहा चालेल का हो?" नाही चालत. पाणी मात्र प्या, नस सापडायला मदतच होते.

पण खरी गंमत हत्तीपायाची. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हा आजार आहे. त्याचे सूक्ष्म जंतू दिवसा फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री हातापायाच्या रक्तात येतात, बरोबर डास चावायच्या वेळेला! पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरनं १८७० च्या दशकात चीनमध्ये काम करताना हे ओळखलं. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री साडेआठनंतर घरोघरी जाऊन बोटातून रक्त घेतात. लोक म्हणतात, "ही काय वेळ आहे?" हीच वेळ आहे. त्याच माणसाच्या दुपारच्या काचपट्टीत जंतू दिसायचेच नाहीत. दिवसा चालणाऱ्या कार्डाच्या टेस्टही आता आल्यात, पण काचपट्टी करायची तर रात्रच लागते.

तसंच ब्लड कल्चर. रक्तात जंतू वाढतात का, हे बघणारी तपासणी. ती अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतात, शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांवरून. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त लागतं. कातडी नीट पुसून पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात. त्यामुळे जास्त रक्त घेतलं आणि दोनदा टोचलं, तर लॅबवाल्यावर चिडू नका. आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतल्या असतील तर ते आधी सांगा.

आता तुमचं काम. घरातल्या आजीला, काकांना लॅबमध्ये तुम्हीच घेऊन जाता. फोनही तुमच्याच हातात असतो. तर याचा स्क्रीनशॉट काढा:

एक, "यांना किडनीचा त्रास आहे, पंजाच्या मागून घ्या." फिस्टुला असेल तर, "या हाताला पट्टा बांधू नका."

दोन, "बल्बवर नाव आमच्यासमोरच टाका."

तीन, "शेवटचं खाणं इतक्या वाजता झालं, या गोळ्या चालू आहेत, रक्त चढवलं ते या तारखेला." रक्त चढवल्यावर पुढचे तीनेक महिने सिकलसेलचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो, म्हणून तारीख महत्त्वाची.

चार, रिपोर्टमधला आकडा भलताच वाटला आणि माणूस बरा दिसतोय, तरी अंदाज लावत घरी बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा आणि "सॅम्पल परत घ्यायचं का?" एवढं विचारा.

हे बोलायला लाजू नका. चांगल्या टेक्निशियनला राग येत नाही, उलट काम सोपं होतं. काकांच्या डाव्या हातातली ती थरथर चालू राहायला हवी, आणि त्यासाठी कधी कधी तुमचं एक वाक्य पुरतं.

तुमच्या घरी कुणाचं डायलिसिस चालू असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या वेळी. तोवर काळजी घ्या, आणि रक्त द्यायला जाताना पाणी पिऊन जा!