घरचा प्रथमोपचार – लेखांक ५ : हात दुखावला, दवाखाना कधी गाठायचा?

मागच्या आठवड्यात आपण भाजलेल्या जखमा पाहिल्या. आज हाताची दुखापत.

खानापूर-लोंढा रेल्वेमार्गावरच्या गुंजी परिसरात पाऊस लागला की शेतांचे बांध निसरडे होतात. पाय घसरला की माणूस हात टेकतो आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. मनगट सुजतं; मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘बोटं हलतात ना? मग हाड मोडलेलं नाही.’ हा समज धोक्याचा आहे. बोटं हलवणारे स्नायू कोपराजवळून येतात, त्यामुळे मनगटाचं हाड मोडलेलं असतानाही बोटं हलू शकतात.

बोटांकडे पाहायचं ते वेगळ्या कारणासाठी. नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं तर रक्त पोहोचतंय. मग अंगठा वर करायला, अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करायला, बोटं फाकवायला सांगा. यातलं एखादं जमत नसेल, बोटं बधिर, गार, पांढरी किंवा निळसर असतील, हात वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा.

झाडावरून पडलेल्या मुलाचं कोपर सुजलं तर जास्तच सावध राहा. हाताची मुख्य रक्तवाहिनी कोपराच्या पुढूनच जाते. अशा हातावर लेप लावून कामट्या आवळून बांधल्या की आत सूज वाढते आणि रक्त अडतं. सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात, बोटं आखडून जातात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्येच हे मांडलं होतं. पट्टी बांधल्यावर वेदना वाढत गेली, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं, तर पट्टी लगेच सैल करा आणि दवाखाना गाठा.

हाडावर नेमकं एका जागी दाबल्यावर दुखत असेल, सूज चढत असेल किंवा वस्तू उचलवत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल, तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी निर्धास्त राहू नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर कधीकधी दहा-चौदा दिवसांनीच दिसते. नुसता मुका मार असेल, हात नीट वळत असेल, तर विश्रांती आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ पुरे. दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर दाखवा.

निघण्याआधी बांगड्या, अंगठी काढा. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. हात टॉवेलच्या झोळीत ठेवा. चोळू नका, ओढून बसवू नका. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता दिसत असेल तर खायला देऊ नका.

आणि मार लागला नसताना डावा हात दुखतोय, छाती भरून आलीय, घाम सुटलाय, तर तो हृदयविकार असू शकतो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.