बोट लिफ्ट घेताय? आधी पाणी किती उतरतं ते बघा!



तलावाकाठी बोटिंगचा व्यवसाय काढायचा म्हटलं की पहिला हिशेब बोटीचा होतो, दुसरा इंजिनाचा. बोट रात्री ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र पहिला पावसाळा येईपर्यंत कुणाच्या डोक्यात नसतो. या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बोट लिफ्टचे प्रकार पाहिले. आता कागद-पेन घ्या, निर्णय कसा करायचा ते बघू.

लिफ्ट हवीच कशाला?

बोट लिफ्ट म्हणजे धक्क्याजवळ बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारा पाळणा. फायबरची बोट कायम पाण्यात राहिली की तळाला शेवाळ धरतं, वेग घटतो आणि पेट्रोल जास्त लागतं. फायबरच्या थरात पाणी मुरून फोड येतात. वारा सुटला की बोट रात्रभर धक्क्यावर आपटते. म्हणजे तुमचं भांडवल रोज थोडं थोडं झिजतंय.

पायरी १ : पाण्याची पातळी

परदेशी व्हिडिओत लाकडी धक्का, चार खांब, वर मोटर आणि केबल, असा थाट दिसतो. तिकडच्या बऱ्याच तलावांची पातळी वर्षभर फारशी बदलत नाही, म्हणून ते जमतं. आपले मोठे जलाशय धरणांचे. कोयनेचा शिवसागर, पवना, मुळशी, पानशेत, कुठलाही घ्या. पावसाळ्याअखेर काठोकाठ, आणि मे महिन्यात पाणी कित्येक मीटर खाली. उतार सौम्य असेल तर काठ शेकडो फूट आत सरकतो. ऑक्टोबरात झकास दिसणारी खांबावरची लिफ्ट उन्हाळ्यात कोरड्या चिखलात उभी! गिऱ्हाईक सुट्टीत येणार, आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट निकामी.

म्हणून आपल्याकडे दोनच पर्याय खरे:

• तरंगती लिफ्ट : प्लास्टिकच्या पोकळ ठोकळ्यांचा तराफा, त्यावर रोलर. बोट हळूच चालवत वर चढवायची. पाणी उतरलं की तराफाही उतरतो.
• उतार, ट्रॉली आणि हातविंच : काँक्रीटचा किंवा मुरमाचा उतार करून बोट ट्रॉलीवर ओढून घ्यायची. खर्च कमी, पण सकाळ-संध्याकाळ दोन माणसं लागतात.

आणि हो, गावातल्या जुन्या नावाड्याला विचारा : "दादा, मे महिन्यात पाणी कुठपर्यंत जातं?" तो बोट दाखवेल, तिथपर्यंत चालत जा आणि अंतर मोजा.

पायरी २ : वजन

कंपनीच्या कागदावर असतं ते रिकाम्या बोटीचं वजन. उदाहरणाला १५ फुटी बोट घेऊ :

• बोट ३५० किलो
• इंजिन १०० किलो
• पेट्रोल २५ लिटर, म्हणजे साधारण १९ किलो
• बॅटरी २० किलो
• लाइफ जॅकेट, नांगर, दोर, सीट ४० किलो

बेरीज ५२९ किलो. त्यावर पाव भाग जास्त धरा, म्हणजे ६६० च्या आसपास. ७०० किलोच्या खालची लिफ्ट घेऊ नका. प्रवासी यात धरलेले नाहीत, कारण माणसं बसलेली असताना बोट कधीच उचलायची नाही.

आता पावसाचं गणित बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. बोटीचं उघडं क्षेत्र ६ चौरस मीटर धरलं, तर १०० मिलिमीटर पावसात ६०० किलो पाणी आत! सह्याद्रीच्या माथ्यावर जुलैत असा दिवस काही नवा नाही. लिफ्ट वाकते ती अशीच. म्हणून बोट वर आली की तळाचं बूच काढायचं आणि वर ताडपत्री ताणायची. सकाळी बूच बसवल्याशिवाय बोट पाण्यात सोडायची नाही. ही पाटी लिफ्टवरच लावा.

पायरी ३ : बसवताना

• वाऱ्याची दिशा बघून आडोशाची जागा निवडा.
• काँक्रीटचे जड ठोकळे तळाशी टाकून साखळ्यांनी तराफा बांधा. साखळी सैल-घट्ट करायची सोय ठेवा, कारण पातळीप्रमाणे तराफा सरकवावा लागेल.
• काठापासून तराफ्यापर्यंतचा पूल बिजागरीचा हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा.
• उन्हाळ्यातही तराफ्याखाली इंजिनाचा पंखा तळाला लागणार नाही इतकं पाणी राहायला हवं.
• मोटर लावणार असाल तर १२ व्होल्टची बॅटरी आणि सोलर बरं. घरची लाइन आणायचीच असेल तर परवानाधारक वायरमनकडून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह. गोड्या पाण्यात उतरलेला करंट पोहणाऱ्याचा जीव घेतो. इथे पैसे वाचवू नका.

पायरी ४ : परवानगी

बहुतेक जलाशय सरकारी आहेत. धक्का बांधण्याआधी जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज करा. कोयनेच्या जलाशयाचा काही भाग अभयारण्यात येतो, तिथे वनविभागालाही विचारावं लागतं. इंजिनाच्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाप्रमाणे नोंदणी आणि तपासणी लागते. परवानगी हातात येण्याआधी लिफ्टचा ॲडव्हान्स देऊ नका.

शेवटी पैशाचा हिशेब

हे आकडे फक्त समजण्यापुरते. लिफ्ट ३ लाखांची, ५ वर्षं चालणार, म्हणजे वर्षाला ६० हजार. धंद्याचे दिवस २०० धरले तर रोजचे ३०० रुपये. एका फेरीत खर्च जाऊन १५० उरत असतील, तर रोज दोन फेऱ्या फक्त लिफ्टसाठी. कर्ज काढलं तर व्याज वेगळं. समोरच्या बाजूला लिहा : वाचलेली मजुरी, वाचलेली डागडुजी, लवकर सुरू झालेली पहिली फेरी. ही बाजू जड असेल तरच लिफ्ट घ्या.

एकच बोट असेल तर पहिलं वर्ष ट्रॉलीवर काढा. त्या वर्षात पाण्याची पातळी दर महिन्याला वहीत टिपा. दुसऱ्या वर्षी लिफ्टवाल्यासमोर बसाल तेव्हा ती वही उघडा. मग तो सांगेल ती लिफ्ट नाही, तुमच्या पाण्याला चालेल तीच लिफ्ट तुम्ही मागाल.

तुमचा जलाशय कुठला, बोट किती फुटी, कमेंटमध्ये लिहा. वजनाचा हिशेब मिळून करू. भेटूया पुढच्या व्हिडिओत!