मध्ययुगाच्या दप्तरात शेतकरी सापडतो

मध्ययुगीन युरोपचा विषय निघाला की एक विधान हमखास कानावर पडते. त्या काळाविषयी आपल्याला कळते ते राजे, पोप आणि लढाया एवढेच. सामान्य माणूस निरक्षर होता, त्याने काही लिहून ठेवले नाही, तेव्हा त्याच्याबद्दल जे सांगतात ते सगळे अंदाजपंचे. व्याख्यानांतून आणि चित्रपटांवरच्या चर्चांतून हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की ऐकणारा शंकाही काढत नाही. हे साफ चूक आहे, आणि वारंवार खोडूनही ते टिकून राहते याचा संताप येतो.

शेतकऱ्याने स्वतः लिहिले नाही, हे बहुतांशी खरे. पण ज्यांना त्याच्याकडून काही वसूल करायचे होते त्यांनी त्याचे नाव, बायकामुले, जमीन असे सगळे नोंदवून ठेवले. पॅरिसलगतच्या सें-जेर्में-दे-प्रे मठाच्या इर्मिनों या मठाधिपतीने नवव्या शतकाच्या सुरुवातीला मठाच्या जमिनींची नोंदवही करवून घेतली. कोणते कूळ कुठली जमीन कसते, घरात कोण कोण आहे, मठाला वर्षाकाठी काय द्यायचे आणि किती राबायचे, हे तीत कुळवार लिहिले आहे. बोडो नावाचा शेतकरी, त्याची बायको एर्मेंट्रूड आणि त्यांची तीन मुले तिथेच भेटतात. आयलीन पॉवर यांनी १९२४ साली ‘मिडीव्हल पीपल’मध्ये एक अख्खे प्रकरण या बोडोवर लिहिले.

फ्लॉरेन्सने १४२७ साली करआकारणीसाठी घरोघरची माहिती गोळा केली. सुमारे ६० हजार कुटुंबे आणि अडीच लाखांहून अधिक माणसे त्या कागदांत आहेत. गंमत म्हणजे त्यांत ३९ किंवा ४१ वर्षांची माणसे कमी आणि चाळिशीची भरमसाट! अनेकांना आपले नेमके वय माहीत नव्हते, हेही त्यामुळे कळते. इंग्लंडमधल्या जमीनदारी न्यायालयांच्या गुंडाळ्यांत कुणाचे जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले, कुणी कमी मापाने एल (एक प्रकारची बिअर) विकली, मुलीच्या लग्नासाठी बापाने जमीनदाराला किती रक्कम भरली, असल्या नोंदींचा खच आहे. एल बनवणाऱ्या बऱ्याचदा बायकाच असत. त्यामुळे एरवी कुठेही न सापडणारी त्यांची नावे दंडाच्या यादीत सापडतात.

आणि मग माँतायू.

पिरेनीज पर्वतातले हे छोटेसे गाव. पामियेचा बिशप झाक फुर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या संशयावरून त्या भागातल्या माणसांची कसून चौकशी केली आणि जबाब लिहवून घेतले. हाच फुर्निए १३३४ साली बारावा बेनेडिक्ट म्हणून पोप झाला. त्याची नोंदवही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात टिकून राहिली. तीत मेंढपाळ आपले कळप कुठून कुठे नेत हे सांगतात. उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढताना बायका काय बोलत, हेही आहे. गावच्या किल्लेदाराची विधवा बेआत्रिस हिच्या झोळीत दोन वाळलेल्या नाळा सापडल्या. त्या आपल्या नातवांच्या असून जवळ बाळगल्या तर कोर्टातला दावा हरत नाही असे एका बाईने सांगितल्याचे तिने कबूल केले. खरेखोटे करून पाहायची वेळ मात्र अजून आली नव्हती! कोणत्या राजाच्या बखरीत असला तपशील मिळेल?

मात्र या जबाबांवर डोळे झाकून विसंबणे हीदेखील चूकच. माणसे बोलली स्थानिक ऑक्सितान भाषेत, कारकुनाने लिहिले लॅटिनमध्ये, आणि समोर बसला होता तो तुरुंगात टाकू शकणारा बिशप. भीतीपोटी कोण काय लपवत होते याचा विचार न करता हे कागद वाचले तर अर्थाचा अनर्थ होतो. करआकारणीच्या कागदांचेही तसेच: कर वाचवण्यासाठी मालमत्ता कमी दाखवणारे तेव्हाही होतेच. दस्तऐवज कुणी, कशासाठी आणि कुणाच्या धाकाने लिहिला, हे आधी विचारावे लागते. अशा कागदांतले निवडक उतारे छापणाऱ्या संग्रहाला तर आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: संपादकाने गाळले काय?

सगळेच निरक्षर होते, हेही खरे नाही. रशियातल्या नोवगोरोदमध्ये १९५१ पासून भूर्जाच्या सालीवर कोरलेली हजाराहून अधिक पत्रे जमिनीतून निघाली आहेत. त्यांत उधारीच्या आठवणी आहेत, घरगुती निरोप आहेत आणि तेराव्या शतकातल्या ओनफिम या शाळकरी पोराची मुळाक्षरेही आहेत. गिरवता गिरवता कंटाळून त्याने शत्रूला भाला मारणारा घोडेस्वार काढला आणि शेजारी स्वतःचे नाव लिहिले.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पृथ्वी सपाट आहे असे तेव्हाचे विद्वान मानत नव्हते. साक्रोबोस्कोचे तेराव्या शतकातले विद्यापीठीय पाठ्यपुस्तक ती गोल असल्याचे पुराव्यांसह शिकवते. लोक आंघोळच करत नसत म्हणावे, तर पॅरिसच्या १२९२ च्या करयादीत स्नानगृहे चालवणारे करदाते आहेत. तिशीत सगळे म्हातारे होऊन मरत नव्हते. बालमृत्यूंमुळे आयुर्मानाची सरासरी खाली येते. आणि नववधूवर पहिल्या रात्री जमीनदाराचा हक्क? लग्नाच्या परवानगीचे पैसे जिथे पेनीपर्यंत लिहिलेले आहेत, तिथे हा ‘हक्क’ बजावल्याची विश्वासार्ह नोंद कुठेही नाही.

हे कागद आता कुणाच्या कुलपात बंद नाहीत. जर्मनीत १८२६ पासून ‘मोनुमेंटा जर्मानिए हिस्टोरिका’ ही मालिका मध्ययुगीन साधने छापते आहे. फुर्निएची नोंदवही झाँ दुव्हेर्नुआ यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. पुढे तिचे फ्रेंच भाषांतरही आले. इतिहास शिकवणाऱ्यांनी एखाद्या तासाला राजांची यादी बाजूला ठेवावी, बेआत्रिसचा जबाब वर्गात वाचून दाखवावा आणि ती खरे बोलत होती का, हे मुलांनाच ठरवू द्यावे.