खूण टिकते कशी?

एका डिसेंबरात नववीच्या ४२ विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याच्या परिसरात निसर्ग-शिबिरासाठी गेलो होतो. मुक्काम अभयारण्याबाहेरच्या एका गावात होता. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन गट दोन गाड्यांतून वेगवेगळ्या वाटांनी निघाले. तासाभराने एक मुलगा म्हणाला, "सर, हे दप्तर माझं नाही." दोन्ही दप्तरे निळी, एकाच मापाची. त्याच्या दप्तरात दम्याचा पंप होता आणि ते दप्तर दुसऱ्या गाडीत होते. मोबाइलला रेंज नव्हती. सुदैवाने त्याला धाप लागली नाही. पण पुढचे दोन तास आमचे लक्ष ना सागाकडे होते, ना नीलगायींकडे.

गंमत अशी की दप्तरावर नाव होते! बॉलपेनने लिहिलेले. दवाने आणि हातांच्या घामाने ते पहिल्याच दिवशी पुसट झाले होते. सहलीच्या सूचनापत्रात 'प्रत्येक वस्तूवर नाव घालावे' असे आपण छापतो. पण ते कशाने घालावे हे सांगत नाही. खरा प्रश्न तोच आहे.

खूण टिकायची तर ती वस्तूच्या पृष्ठभागाला धरून राहिली पाहिजे, किंवा वस्तूचाच भाग झाली पाहिजे. सुती कापडाचे तंतू सेल्युलोजचे असतात. ते पाणी आणि शाई शोषून घेतात. दप्तराचे नायलॉन-पॉलिएस्टर फारसे शोषत नाही, आणि पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक तर मुळीच नाही. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. शाईचेही तसेच. मार्कर पेनमधील द्रावक उडून जातो आणि रंगाचा पातळ पापुद्रा मागे राहतो. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याची पकड अगदी दुबळी असते. तेवढाच भाग आधी पॉलिश पेपरने थोडा खरवडला आणि लिहिल्यावर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली, तर नाव बरेच दिवस राहते.

स्टीलच्या ताट-वाटीची मात्र काळजी नको. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धतच आहे. दुकानदाराच्या यंत्रातील सुई भराभर खालीवर होते आणि धातूत बारीक खड्ड्यांची ओळ उमटवते. तिथे रंग नाही, शाई नाही; खड्ड्यांवरून प्रकाश वेगळ्या दिशांनी परततो म्हणून नाव दिसते. धातूच झिजल्याशिवाय ते जाणार नाही. आजीच्या लग्नातले पातेले कोणाचे, हे आजही वाचता येते ते यामुळेच.

कपड्यांचा विषय निघाला तेव्हा शिबिरात स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आमच्या वेळी परीट बिब्ब्यानं खूण करत. कापड फाटे, पण खूण जात नसे." समोरच्या झुडपी जंगलात बिब्ब्याची झाडे होतीच. हिवाळ्यात त्यांची फळे पिकतात: खाली नारिंगी गरदार भाग, त्यावर बसलेले काळे चकचकीत बी. हा गरदार भाग वाळवून खातात, बियांतून निघणारी गोडंबी लाडवांत घालतात. या झाडाचे शास्त्रीय नाव सेमेकार्पस अनाकार्डियम. ग्रीक भाषेत 'सेमेयोन' म्हणजे खूण आणि 'कार्पोस' म्हणजे फळ. लिनियसच्या मुलाने अठराव्या शतकात हे नाव दिले, ते खुणेच्या या उपयोगावरूनच.

बिब्ब्याच्या टरफलात तेलकट रस असतो. त्यातील मुख्य द्रव्यांना भिलावनॉल म्हणतात. त्यांच्या रेणूत बेंझिनचे एक वलय, त्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट आणि १५ कार्बनची लांब शेपटी असते. रस तेलकट असल्यामुळे तंतूंमध्ये सहज मुरतो. मग हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचे क्विनोन बनतात, ते एकमेकांना जोडले जातात आणि तंतूंच्या आतच काळी, पाण्यात न विरघळणारी राळ तयार होते. चुन्याची निवळी लावली की ही क्रिया झपाट्याने होते. साबण तेल काढील, पण ही राळ कशी काढणार?

इतके सांगितल्यावर चार-पाच मुले बिब्बे वेचायला धावली. आम्ही त्यांना थांबवले. शिक्षकांनीही हा प्रयोग वर्गात मुळीच करू नये. जी तेलकट शेपटी रसाला कापडात मुरवते, तीच त्याला कातडीतही मुरवते. तिथे तयार होणारे क्विनोन त्वचेतील प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची संरक्षणयंत्रणा त्या प्रथिनांना परके समजून हल्ला करते. एक-दोन दिवसांनी खाज सुटते, फोड येतात. आंब्याच्या चिकाने तोंड उतते आणि काजूच्या टरफलाच्या तेलाने हात भाजतात, तो याच कुळाचा गुण. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांना धुऊन आलेल्या कपड्यांवरील परटाच्या खुणांनीही पुरळ उठले. १९४३ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली.

मग कापडावर काय करावे? रंगीत दोऱ्याने टाके घालावेत. दोरा विणीत गुंततो. त्याला रसायन लागत नाही.

पूर्ण नाव लिहायलाच हवे असेही नाही. ठिपका, रेघ आणि फुली या तीनच चिन्हांनी चार जागा भरल्या तर ३ × ३ × ३ × ३ म्हणजे ८१ वेगळ्या खुणा मिळतात. दोन वर्ग त्यात मावतात. आकडे वापरायचे असतील तर एक सावधगिरी: ३ आणि ६, तसेच १ आणि ९ ही बरीचशी एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. पारदर्शक बाटलीवर लिहिलेला ३ मागच्या बाजूने पाहिला तर ६ वाटतो. आमच्या शिबिरात यावरून एक भांडण झाले आणि दोघेही खरे बोलत होते!

वाघाची गोष्ट वेगळी. त्याचे पट्टे हीच त्याची खूण. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. तरी वनखात्याला नोंदीसाठी सांकेतिक नाव लागतेच. टिपेश्वरच्या टी-१ वाघिणीचा बछडा सी-१. त्याला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो सुमारे ३००० किलोमीटर भटकून बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, हे त्यामुळेच समजले.

वर्गात करण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. सुती कापड, दप्तराचे कापड, प्लास्टिक आणि स्टील यांच्या पट्ट्या घ्या. प्रत्येकीवर पेन्सिल, बॉलपेन आणि मार्करने एकच अक्षर लिहा. मग साबणाच्या पाण्यात बुडवून ५०-५० वेळा घासा आणि काय उरले ते तक्त्यात भरा. प्रयोग सहलीच्या आधीच्या आठवड्यात करावा, म्हणजे मुले आपल्या दप्तराचा निर्णय स्वतः घेतात.

पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा आला. दप्तरावर लाल दोऱ्याने एक फुली आणि तीन ठिपके होते, आणि पंप दप्तरात नव्हता. आईने शिवलेल्या कापडी पिशवीत, गळ्यात होता.