फटफटी ‘ओव्हर’ होते तेव्हा



गेल्या हंगामात आम्ही एका सभासदांच्या फडावर गेलो होतो. त्यांची जुनी मोटारसायकल चालू होईना. किका मारून घाम निघाला, खाली पेट्रोल गळतंय, आणि गाडी उभी वाळल्या पाचटावर! शेजारचा गडी बिडी पेटवायच्या बेतात. आम्ही आधी काडेपेटी खिशात घालायला लावली, मग गाडी मोकळ्या जागी ढकलली. थोडक्यात निभावले, नाहीतर उभा ऊस जळिताला गेला असता.

२०२० पूर्वीच्या बहुतेक दुचाकींना कार्बोरेटर आहे. त्याच्या वाटीत फ्लोट तरंगतो. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक, तसेच हे काम. वाटी भरली की फ्लोट वर येतो व सुई पेट्रोलची वाट बंद करते. सुईखाली कचरा अडकला, तिचे टोक झिजले किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरले, की वाट उघडी राहते. पेट्रोल नळीतून खाली गळते, नाहीतर इंजिनात उतरते. प्लग भिजतो, मग कितीही किका मारा!

अशा वेळी घाई करू नये.

१. कॉक बंद करा. चोक ओढला असल्यास बंद करा. विडी-काडी लांब ठेवा.

२. दहा-पंधरा मिनिटे थांबा. प्लग काढून कोरडा पुसा व परत बसवा.

३. फोर-स्ट्रोक गाडीचे ऑईल तपासा. पातळी वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑईल बदलल्याशिवाय किक मारू नका. पातळ ऑईलवर इंजिन जाम होते.

४. कॉक बंदच ठेवून, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून किक मारा. गाडी चालू होताच ॲक्सिलेटर सोडा, मग कॉक उघडा.

५. पुन्हा गळू लागले, तर वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. अडकलेला कचरा कधी कधी सुटतो. तरीही थांबले नाही, तर कॉक बंद करून मिस्त्रीकडून वाटी साफ करून घ्या. सुई झिजली असल्यास नवीच टाका, घासून वापरू नका.

पाटाचे दार लावल्याशिवाय आपण घरी जात नाही. गाडी उभी केल्यावर कॉकचेही तेवढेच ध्यानात ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी