बाणाचे पीस काय काम करते?

बाणाच्या मागच्या टोकाला पिसे का लावतात, असे वर्गात विचारले तर बहुधा 'बाण उडावा म्हणून' असे उत्तर येते. पक्ष्याला पिसे असतात, पक्षी उडतो. म्हणून बाणही पिसांमुळे उडत असणार, असा हा तर्क. प्रत्यक्षात पिसे बाणाला उचलून धरत नाहीत आणि त्याचा वेगही वाढवत नाहीत. उलट ती हवेला अडतात व बाणाचा वेग थोडा कमीच करतात. मग वेग कमी करणारी वस्तू मुद्दाम का लावायची?

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांतल्या शिक्षकांना हा प्रश्न पुस्तकाबाहेर शोधता येईल. तिरकमठा हे येथील वारली समाजाचे जुने हत्यार. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी जगभर पोचवलेल्या वारली चित्रकलेतही तिरकमठा घेतलेली माणसे दिसतात. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजोबांना वरील प्रश्नाचे उत्तर हातांनी ठाऊक असू शकेल. ते विज्ञानाच्या तासाला कसे आणता येईल, ते पाहू.

शेपटीला हवेची ओढ

बाण बोटावर आडवा तोलून पाहा. पुढे लोखंडी फाळ असल्याने तो मध्याच्या थोडा पुढे तोलला जातो. हा त्याचा गुरुत्वमध्य. उडणारा बाण जरा तिरका झाला की हवा पिसांच्या रुंद पात्यांवर बाजूने दाब देते. हा दाब गुरुत्वमध्यापासून बराच मागे पडतो, त्यामुळे तरफेप्रमाणे काम करून शेपटीला पुन्हा रेषेत आणतो. वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा याच तत्त्वावर फिरतो. त्याची शेपटी मोठी असते, म्हणून तोंड नेहमी वाऱ्याकडे राहते.

साध्या लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ४० ते ५० मीटर वेगाने सुटतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, एवढ्या वेगाला पिसाची लहानशी पट्टीही पुरते. पट्टी मोठी केली तर बाण लवकर सरळ होतो, पण लवकर मंदही होतो. उडत्या पक्ष्यावर मारायच्या बाणांना काही ठिकाणी मुद्दाम मोठी, फुगीर पिसे लावत. नेम चुकला तरी बाण फार दूर जात नसे व सापडत असे.

पीसच का?

दोरी सुटताना बाणाला मागून जोराचा धक्का बसतो आणि त्याची काठी धनुष्याला वळसा घालत वाकते. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३०च्या दशकात अतिवेगवान चित्रीकरण करून हे वाकणे स्पष्ट दाखवले. या वेळी शेपटी धनुष्याला किंवा मुठीला घासू शकते. पीस दबते आणि लगेच पूर्ववत होते. ताठ पाते असते तर त्याने बाणाला बाजूला ढकलले असते.

पीस पूर्ववत कसे होते? भिंगातून पाहा. पिसाच्या दांड्यातून तंतू निघतात, तंतूंना उपतंतू असतात आणि उपतंतूंवरचे बारीक आकडे एकमेकांत अडकलेले असतात. विस्कटलेले पीस दोन बोटांत धरून ओढले की आकडे पुन्हा अडकतात.

पिसे लावताना

पाळीव कोंबडा-कोंबडीच्या पंखांची गळलेली मोठी पिसे पुरतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा रानपक्ष्यांच्या पिसांमागे लागू नये. एका बाणाला सगळी पिसे एकाच बाजूच्या पंखाची घ्यावीत. उजव्या व डाव्या पंखांतल्या पिसांचा बाक उलट असतो. बाक एकाच दिशेचा असेल तर बाण स्वतःभोवती फिरतो, आणि काठीतला थोडा वाकडेपणा एकाच बाजूला न खेचता सर्व बाजूंना वाटला जातो.

पिसाचा दांडा मधोमध उभा चिरून, खालून घासून सपाट करावा आणि ८ ते १० सेंटिमीटरची पट्टी कापावी. अशा तीन पट्ट्या सारख्या अंतरावर बसवायच्या असतात. त्यासाठी काठीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परिघाची खूण करावी, कागद उलगडून त्या लांबीचे तीन समान भाग करावेत. काठी ८ मिलिमीटर जाड असेल तर परीघ सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे दोन पिसांत सव्वाआठ मिलिमीटरपेक्षा थोडे जास्त अंतर. एक पीस दोरीच्या खाचेशी काटकोनात ठेवावे, म्हणजे उरलेली दोन धनुष्याला कमी घासतात. खाचेजवळ बोटांसाठी अडीच सेंटिमीटर जागा सोडावी.

डिंकाने किंवा राळेने चिकटवल्यावर पिसाचे पुढचे टोक दोऱ्याने घट्ट गुंडाळून गुळगुळीत करावे. मुठीवरून बाण सोडताना हेच टोक हातावरून घासत जाते. ते वर आलेले राहिले तर त्वचेत घुसते.

जुनी पिसे काढताना

पीस चपटे झाले एवढ्यावरून ते काढायची घाई नको. उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही सेकंद धरले की पुष्कळदा ते मूळ आकार घेते.

तंतू झडलेच असतील तर आधी दोरा सोडवावा. झाडाचा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ओले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवावे. राळ व लाख पाण्यात विरघळत नाहीत, त्या थोड्या उष्णतेने मऊ होतात. मग सुरीची बोथट बाजू जवळजवळ आडवी धरून रेषांच्या दिशेने हलके खरवडावे. सुरीचे पाते काठीत रुतू देऊ नये.

याला कारण आहे. काठी वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण तिच्या बाहेरच्या थरावर पडतो. बांबूचे मजबूत धागेही बाहेरच्या सालीजवळच दाट असतात. तेथे आडवी चीर पडली तर काठी दोरीच्या धक्क्याने मोडू शकते, आणि मोडलेली काठी धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. म्हणून पिसे काढल्यावर काठी सावलीत वाळवावी, शरीरापासून दूर धरून थोडी वाकवावी व कान द्यावा. कडकड आवाज आला किंवा चीर दिसली तर ती काठी पुन्हा वापरू नये.

वर्गात करून पाहा

झाडूच्या हिराच्या ३० सेंटिमीटर लांबीच्या तीन काड्या घ्या. तिन्हींच्या एका टोकाला ओल्या मातीची सारखी गोळी लावा. पहिलीला मागे कागदाची पाती लावा, दुसरीला तीच पाती गोळीजवळ पुढे लावा, तिसरी तशीच ठेवा. मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, प्रत्येक काडी हाताने दहा वेळा फेका. किती वेळा गोळी पुढे राहून काडी पडली, ते फळ्यावर मांडा. पुढे पाती असलेली काडी काय करते, याचा अंदाज मुलांना आधी लिहायला सांगा.

यानंतर गावातल्या एखाद्या जाणत्या आजोबांना वर्गात बोलवा. पीस कोणते निवडता, किती लांब ठेवता, काठी टाकून द्यायची हे कशावरून ठरवता, हे मुलांनी विचारावे आणि वहीत उतरवावे. मग आपल्या प्रयोगातले आकडे त्या उत्तरांशेजारी मांडावेत. काही ठिकाणी दोन्ही जुळतील. जुळणार नाहीत तेथे पुढचा प्रयोग कोणता करायचा, हे मुले स्वतःच सुचवतील.