फूटपट्टीएवढी शांतता

म्हैसमाळला गेलात की भज्यांच्या गाडीकडे धावण्याआधी मान वर करून दूरदर्शनचा मनोरा बघा. छपरावरचा अँटेना फिरवत टीव्ही कसा बघायचे, ते आजोबा तिखटमीठ लावून सांगतील. अशा मनोऱ्यांसाठी लहरींचा एक पट्टा राखून ठेवलेला असतो. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये १५ चॅनेल मावतात. २०१४ साली आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तर देशात जवळपास कुठंही त्यातले किमान १२ रिकामेच! मग पालघर जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी याच मोकळ्या लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवलं.

असं मोकळं चॅनेल हुडकणारा रेडिओ म्हणजे कॉग्निटिव्ह रेडिओ. तो आधी कानोसा घेतो. चॅनेलचा मालक, म्हणजे टीव्हीचा मनोरा, गप्प असला, तरच बोलतो.

आणि मालक गप्पच बसला नाही तर? तेव्हा शेजारी कामाला येतात.

समजा, वेरूळच्या शाळेला संदेश धाडायचाय आणि त्याच चॅनेलवर खुलताबादेत कुणाचा तरी टीव्ही चालू आहे. वाटेतल्या दोन गच्च्यांवरची यंत्रं संदेश झेलतात आणि दोघं मिळून पुढं पाठवतात. लहर म्हणजे उंचवटा, खळगा, पुन्हा उंचवटा. ५०० मेगाहर्ट्झची अख्खी लहर ६० सेंटिमीटर लांब असते. शाळेपाशी उंचवट्यावर उंचवटा आला, तर लहर दुप्पट उंच आणि ताकद एकटीच्या चौपट! टीव्हीच्या अँटेनापाशी मात्र एक लहर ३० सेंटिमीटर मागं राहील, असं बघायचं. मग उंचवटा नेमका खळग्यात जातो, दोन्ही लहरी एकमेकींना पुसून टाकतात आणि टीव्हीला पत्ताही लागत नाही.

३० सेंटिमीटर! दप्तरातली पट्टी काढून बघाच. एवढं अंतर लहर सेकंदाच्या एक अब्जांश भागात कापते. म्हणजे दोन्ही यंत्रांची घड्याळं त्याहूनही कितीतरी काटेकोर जुळायला हवीत. (आमच्या घरातली दोन घड्याळं पाच मिनिटांनी भांडतात.) त्यात मध्येच एसटी आडवी आली, की लहरींच्या वाटा बदलतात आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून. यंत्रं वाढवली, तर एकाच वेळी जास्त टीव्ही सांभाळता येतात, पण हिशेबही वाढतो.

आवाजाच्या लहरींवर ही पुसापुशी करून बघता येते. गच्चीवर दोन मोबाइल हातभर अंतरावर ठेवा आणि दोन्हींवर १,००० हर्ट्झचा एकच सूर लावा. ही लहर साधारण ३४ सेंटिमीटरची. एक कान बोटानं बंद करून समोरून हळूहळू आडवे सरका. सूर मोठा होईल, बारीक होईल, पुन्हा मोठा होईल. बारीक झाला तिथं खडूनं फुली मारा. टीव्ही ठेवायचा तो तिथं.